विमानाचे ‘फुकट’ तिकीट : आधी पॉइंटचा भाव काढा

अलीकडे व्यापारी मंडळींच्या बैठकीत एक विषय वारंवार निघतो. कोणी सांगतो की अमुक गृहस्थ क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर उमराह करून आले आणि तिकिटाला फारसा पैसा लागला नाही. कोणी म्हणतो की मालाची सारी खरेदी कार्डावर केली तर दरवर्षी एक विमानप्रवास सुटतो. हे ऐकून आपल्या भागातील लहान दुकानदार, शिलाईकाम करणारे कारागीर आणि फेरीवालेसुद्धा कार्ड घेण्याच्या विचारात पडतात.

या गोष्टीत तथ्य नाही असे नाही. पॉइंटवर विमानाचे तिकीट मिळते आणि अनेक लोक ते घेतातही. परंतु ते फुकट नसते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पॉइंट हा एक प्रकारचा वटाव आहे. कापडाच्या पेढीवर वेळेत रक्कम भरली की दोन टक्के वटाव मिळतो, तो आपण लगेच ताडून पाहतो. पॉइंटचा वटाव मात्र कोणी ताडून पाहत नाही, कारण तो रुपयांत लिहिलेला नसतो. तो रुपयांत कसा लिहावा आणि तो घेताना दीन व दुनिया दोन्हीकडे नुकसान कसे टाळावे, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

माइल आणि पॉइंट म्हणजे काय?

विमान कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशाला दिलेली सवलत म्हणजे माइल. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १ मे १९८१ रोजी ॲडव्हांटेज नावाची योजना सुरू केली. प्रवासी जितके अंतर उडेल तितके माइल त्याच्या खात्यात जमा होत व ठराविक माइल साठले की एक तिकीट मिळे. इतर कंपन्यांनी लगेच तिचे अनुकरण केले. १९८७ साली याच कंपनीने सिटीबँकेबरोबर कार्ड काढले आणि विमानात न बसताही, नुसत्या खरेदीवर माइल मिळू लागले. १९९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने आणखी एक पाऊल टाकले. पॉइंट कार्ड कंपनीकडे साठवावयाचे आणि गरज पडेल तेव्हा निरनिराळ्या विमान कंपन्यांपैकी हव्या त्या खात्यात वळवावयाचे, अशी सोय त्यांनी केली. आज भारतातील अनेक बँकांच्या महागड्या कार्डांवर हीच सोय आहे.

आपल्या देशात एअर इंडियाची योजना पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स या नावाने चालत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, दोन्हींच्या योजना एकत्र आल्या आणि आता तिचे नाव महाराजा क्लब आहे. इंडिगोने २०२४ मध्ये ब्लूचिप ही योजना काढली. आखाती कंपन्यांपैकी एमिरेट्सची स्कायवर्ड्स, एतिहादची एतिहाद गेस्ट आणि सौदियाची अलफुरसान या योजना आपल्या लोकांच्या उपयोगाच्या आहेत.

पॉइंटचा पैसा कोठून येतो?

कोणतीही बँक आपल्या खिशातून कोणाला जेद्दाहला पाठवीत नाही. ग्राहक दुकानात क्रेडिट कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून साधारणपणे दीड ते अडीच टक्के कापले जातात व त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ५,००० रुपयांच्या बिलावर दोन टक्क्यांनी १०० रुपये आणि वर १८ रुपये कर, असे ११८ रुपये दुकानदाराचे गेले. याच पैशातून ग्राहकाला पॉइंट मिळतात. दुसरा पैसा वार्षिक फीचा आणि तिसरा पैसा व्याजाचा असतो. जे लोक बिल वेळेत भरू शकत नाहीत त्यांच्याकडून बँक जे व्याज घेते, त्यावर ही सारी व्यवस्था उभी आहे.

याउलट यूपीआयने आपल्या बँक खात्यातून दिलेल्या पैशावर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला असे काही कापून द्यावे लागत नाही. म्हणूनच त्यावर पॉइंटही जवळजवळ मिळत नाहीत. जेथे कापले जात नाही तेथे वाटलेही जात नाही, हा साधा हिशोब आहे.

व्यापारी या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा असतो हे विसरू नये. माल विकताना त्याच्याकडून कापले जाते. माल घेताना तो पॉइंट मिळवू पाहतो. पण तेव्हा ठोक व्यापारी सरळ सांगतो की कार्डावर दोन टक्के जादा पडतील. त्याचेही चुकत नाही, कारण त्याचेही कापले जाते.

भाव काढण्याची रीत

रीत अगदी सोपी आहे. ज्या तारखेला जावयाचे आहे त्या तारखेचे सर्वांत स्वस्त रोख तिकीट पाहावे. पॉइंटच्या तिकिटावरही विमानतळाचे कर आणि काही कंपन्यांचे इंधन अधिभार रोख भरावे लागतात, ते त्यातून वजा करावे. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइलने भागावे. जो आकडा येईल तो एका माइलचा भाव.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा मुंबई–जेद्दाह जाण्या-येण्याचे रोख तिकीट ३३,००० रुपयांचे आहे. पॉइंटने घेतल्यास ३०,००० माइल आणि ९,००० रुपये कर लागतो. म्हणजे वाचले २४,००० रुपये. २४,००० ला ३०,००० ने भागले की एका माइलचा भाव ८० पैसे झाला.

आता हे माइल मिळविण्यास किती खरेदी लागली ते पाहू. समजा कार्डावर १०० रुपयांना २ पॉइंट मिळतात आणि २ पॉइंटचा १ माइल होतो. म्हणजे १०० रुपयांना १ माइल. ३०,००० माइलसाठी ३० लाख रुपयांची खरेदी झाली पाहिजे. ३० लाखांवर २४,००० रुपये, म्हणजे शेकडा ८० पैसे वटाव पडला. कार्डाची फी ५,००० रुपये असेल तर करासह ५,९०० रुपये गेले आणि हाती १८,१०० रुपये राहिले.

हीच ३० लाखांची खरेदी ठोक व्यापाऱ्याने दोन टक्के जादा लावून कार्डावर दिली असेल तर ६०,००० रुपये जास्त गेले. म्हणजे २४,००० रुपयांच्या बचतीसाठी ६०,००० रुपये मोजले. आणि वेळेत खात्यातून रक्कम पाठवून दोन टक्के वटाव मिळत असेल, तर कार्ड वापरल्याने तो ६०,००० रुपयांचा वटावही गेला. एवढ्या पैशात एक माणूस रोख तिकीट काढून जेद्दाहला जाऊन येतो आणि वर २७,००० रुपये शिल्लक राहतात. तेव्हा मालाच्या खरेदीसाठी, जेथे जादा आकार आहे किंवा रोखीचा वटाव आहे तेथे, कार्ड काढूच नये.

मग कार्डाचा उपयोग कोठे? जेथे रोख द्या किंवा कार्ड द्या, किंमत एकच आहे तेथे. उदाहरणार्थ विम्याचा हप्ता, मोठ्या दुकानातील किराणा, मुलांच्या शिक्षणाच्या काही फिया. यातही अलीकडे अनेक बँकांनी घरभाडे, पेट्रोल, वॉलेट आणि सरकारी भरणा यांवरील पॉइंट बंद किंवा कमी केले आहेत. आपल्या कार्डाचा नियम आधी वाचावा. लहान दुकानदाराच्या घरी असा खर्च महिन्याला १५,००० रुपये धरला तर वरील हिशोबाने वर्षाला १,८०० माइल होतात. ३०,००० माइल व्हावयास सोळा-सतरा वर्षे लागतील, आणि तोपर्यंत जुन्या माइलची मुदत संपलेली असेल. अशा बांधवाने केवळ पॉइंटच्या मोहाने फीचे कार्ड घेऊ नये, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या ढोकीहून जेद्दाहचे विमान पकडण्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. पॉइंटचे तिकीट मुंबईहून मिळत असेल आणि हैदराबादहून रोख तिकीट स्वस्त पडत असेल, तर रेल्वे, गाडी आणि मुक्कामाचा खर्च दोन्हीकडे मांडूनच तुलना करावी. ढोकीजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील साधे कापड आणि मलमल पैठणमार्गे भडोचच्या बंदराला जात असे, याची नोंद पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात आहे. बैलगाडीने इतक्या दूर माल पाठविणारा व्यापारी गाडीभाडे धरल्याशिवाय नफा मोजत नसणार. आपणही मोजू नये.

व्याजाचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाची बाब. क्रेडिट कार्डावर बँक आपल्याला कर्ज देते. व्यवहारानुसार सुमारे २० ते ५० दिवस ते बिनव्याजी असते. त्या मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाही तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज लागते. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणजे ती मर्यादाही आता राहिली नाही.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक छोटा आकडा असतो. अनेक लोक तेवढाच भरून निश्चिंत होतात. हा मोठा गैरसमज आहे. किमान रक्कम भरली तरी बाकीवर व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. एक लाखाची बाकी एक महिना राहिली तर साडेतीन टक्क्यांनी ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर ६३० रुपये जीएसटी, असे ४,१३० रुपये होतात. त्या एक लाखावर मिळालेल्या १,००० माइलची किंमत आपण वर ८०० रुपये काढली. म्हणजे फायद्याच्या पाचपट नुकसान. कार्डावर रोख रक्कम काढल्यास तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

हे झाले दुनियेचे नुकसान. दीनचा प्रश्न याहून मोठा आहे. कुरआनने व्यापार हलाल आणि व्याज हराम ठरविले आहे, यात कोणाचे दुमत नाही. क्रेडिट कार्डाविषयी जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात ठराव केला. खात्यात रक्कम नसताना कर्ज देणाऱ्या ज्या कार्डाच्या करारात उशिरासाठी व्याजाची अट आहे, ते वापरणे जायज नाही, मग वापरणाऱ्याचा इरादा मुदतीत पैसे भरण्याचा असला तरी, असे त्यात म्हटले आहे. दुसरीकडे काही मुफ्ती साहेबान, खरी गरज असेल आणि मुदतीत पूर्ण रक्कम भरण्याची खात्री असेल, तर परवानगी देतात. डेबिट कार्डात कर्ज घेतले जात नाही म्हणून त्याचा वापर सोपा आहे. परंतु त्यावर बँकेने दिलेल्या बक्षिसाबाबतही उलमांत चर्चा आहे, कारण खात्यातील रक्कम हे आपण बँकेला दिलेले कर्ज मानले जाते.

या विषयात निर्णय देणे हे व्यापाऱ्याचे काम नाही. आपल्या विश्वासातील मुफ्ती साहेबांकडे जावे आणि नुसते “कार्ड चालते का?” असे न विचारता पूर्ण माहिती ठेवावी. करारात व्याजाची अट आहे, फी इतकी आहे, पॉइंट बँक देते की विमान कंपनी देते, ही हकीकत सांगून मग विचारावे. एक इशारा येथेच देतो. ज्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही अशा दुकानदारांना बँका मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड देतात. त्या ठेवीवर व्याज जमा होते, हे कार्ड घेताना कोणी सांगत नाही.

ज्या माइलसाठी कर्ज लागत नाही

आपल्या समाजाच्या हातून एक सरळ मार्ग सुटतो आहे. मराठवाड्यातील, सोलापूरकडील आणि कोकणातील कितीतरी कुटुंबांतील मुले सौदी अरब, दुबई, कतर, कुवेत येथे काम करतात. ती रोख तिकीट काढून येतात-जातात, उमराहला माणसे जातात. पण तिकिटावर सभासद क्रमांक घातलेला नसतो. विमान कंपनीच्या योजनेचे सभासद होण्यास फी नाही, कार्ड लागत नाही, कर्ज लागत नाही. तिकीट काढताना क्रमांक दिला की प्रवासाचे माइल जमा होतात. आधी क्रमांक देण्याचे राहिले असेल तर बहुतेक कंपन्या काही महिन्यांपर्यंत बोर्डिंग पास आणि तिकीट क्रमांकावरून मागील माइल जमा करून देतात. म्हणून बोर्डिंग पास फेकू नये. एमिरेट्ससारख्या काही कंपन्यांत कुटुंबाचे माइल एका खात्यात एकत्र करता येतात. चार भावांचे थोडे थोडे माइल एकत्र आले तर अम्मी-अब्बांच्या तिकिटाला हातभार लागू शकतो.

स्वस्त तिकिटावर माइल कमी मिळतात हे मात्र लक्षात घ्यावे. एअर इंडियाने २०२४ पासून अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर पॉइंट देण्याची पद्धत सुरू केली आहे. तेव्हा माइलसाठी महाग तिकीट काढणे हा उलटा व्यापार होय.

साठवून ठेवू नये

माल गोदामात पडून राहिला की त्याचा भाव उतरतो. पॉइंटचेही तसेच आहे. फरक एवढाच की येथे भाव कंपनी स्वतः उतरवते आणि नियमांत तसा हक्क तिने राखून ठेवलेला असतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे ५ पॉइंट दिल्यास विमान कंपनीचे ४ माइल मिळत. सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण ग्राहकांना ५ पॉइंटला २ माइल असा दर झाला. ज्याच्याकडे एक लाख पॉइंट होते त्याचे ८०,००० माइल झाले असते, ते ४०,००० वर आले.

कंपनी बंद पडली तर काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या देशात आहेत. किंगफिशर एअरलाइन्सची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लब योजनेतील माइलना किंमत राहिली नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळ्या कंपनीच्या नावे होती, म्हणून ते पॉइंट लगेच बुडाले नाहीत आणि त्याच वर्षी योजनेला इंटरमाइल्स हे नाव मिळाले; परंतु ज्या विमानासाठी ते साठविले होते ते विमानच राहिले नाही. तात्पर्य, पॉइंट ही बचत नव्हे. तिकिटापुरते झाले की वापरून टाकावे.

तिकीट काढताना

१) आधी विमान कंपनीकडे पॉइंटची जागा उपलब्ध आहे का ते पाहावे, मगच बँकेचे पॉइंट तिकडे वळवावे. हे हुंडीसारखे आहे. एकदा पॉइंट त्या खात्यात गेले की बँकेत परत येत नाहीत. वळते होण्यास काही मिनिटांपासून काही दिवस लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

२) नाव सर्वत्र एकच असावे. आपल्याकडे शेख, सय्यद कधी नावाच्या पुढे तर कधी मागे असते. मोहम्मदचे स्पेलिंग बँकेत एक, पासपोर्टवर दुसरे. बँक आणि विमान कंपनी यांतील नावे जुळली नाहीत तर पॉइंट अडकतात. सर्व काही पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे.

३) रमजान आणि शाळेच्या सुट्ट्यांत पॉइंटच्या जागा फार कमी असतात. कापड धंद्यातील मंदीचे दिवस पाहून, तारीख पुढे-मागे करण्याची तयारी ठेवून शोधावे.

४) रद्द केल्यास किती फी आणि माइल परत मिळतात की नाही, हे आधी वाचावे. उमराहचा व्हिसा आणि परतीची तारीख जुळवूनच तिकीट पक्के करावे.

५) हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचे विमान कमिटीच ठरविते. तेथे पॉइंटचे तिकीट चालत नाही.

सावधगिरी

आपल्याच दुकानाच्या मशीनवर आपलेच कार्ड खोटी विक्री दाखवून फिरविणे ही फसवणूक आहे. बँक कार्ड बंद करते, पॉइंट जप्त करते आणि इमान जाते ते वेगळेच. कार्डाची बिले एका वर्षात १० लाख रुपये किंवा अधिक भरली, अथवा रोखीने १ लाख भरले, तर ती माहिती आयकर खात्याकडे जाते. दुसऱ्याच्या खरेदीसाठी कार्ड देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. दलालाकडून कोणाच्या तरी माइलवरचे स्वस्त तिकीट विकत घेऊ नये. माइल विकणे कंपन्यांच्या नियमांविरुद्ध आहे, आणि असे तिकीट ऐन वेळी रद्द झाले तर उमराहला निघालेला माणूस विमानतळावरून परत येतो. “तुमचे पॉइंट आज संपत आहेत” असा संदेश किंवा फोन आल्यास लिंक उघडू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

शेवटी एवढेच सांगणे आहे. सूरह बकरामध्ये देण्या-घेण्याची नोंद लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपण माल आणि उधारीची नोंद ठेवतो, तशीच पॉइंटचीही ठेवावी. एका पानावर तीन रकाने करावेत : यासाठी जादा काय दिले, हातचा कोणता वटाव सोडला, आणि तिकिटावर प्रत्यक्ष किती रुपये वाचले. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज तिसऱ्यापेक्षा मोठी निघाली तर ते तिकीट फुकट नव्हते, महाग होते. आणि त्यात व्याजाचा एक रुपया जरी असेल तर नफा-तोट्याचा हिशोब करण्याचीही गरज नाही. अल्लाहच्या घरी जाण्याची नियत असलेल्या माणसाने रोखीने, थोडे थोडे साठवून, उशिरा जावे. त्यातच बरकत आहे.

— एक कापड व्यापारी, ढोकी (जि. धाराशिव)